थंड इंजिनाची चौकशी

चालू असलेल्या गोष्टीची चौकशी कोणी करत नाही आणि बंद पडलेल्या गोष्टीची चौकशी कधी संपत नाही. कोणत्याही सुव्यवस्थित कारभाराचा डोलारा या दोनच सत्यांवर उभा असतो, आणि हा डोलारा सांभाळण्यात शेरेसाहेबांनी आयुष्यातली चौतीस वर्षे खर्ची घातली होती.

शेरेसाहेब हे त्यांचे खरे नाव नव्हे. एका मोठ्या कार्यालयाच्या अंतर्गत तपासणी विभागात ते होते, आणि समोर आलेला कागद शेरा मारल्याशिवाय पुढे सरकू द्यायचा नाही, असा त्यांचा बाणा होता. 'पाहिले', 'तपासले', 'पुन्हा तपासावे', 'पुन्हा का तपासले याचा खुलासा करावा' अशी त्या शेऱ्यांची चढती भाजणी असे. निवृत्तीनंतर कागद यायचे थांबले. शेरे थांबले नाहीत. घरातल्या फ्रीजला, गिझरला, शिलाई मशीनला आणि जिन्यातल्या दिव्याच्या बटणाला छोटी पांढरी लेबले लागली. त्यांवर 'तपासले. ठीक.' एवढेच शब्द, खाली तारीख, खाली सही. बायकोने या उपक्रमाला कधी विरोध केला नाही. फक्त लेबलांची गुंडाळी हातात घेऊन साहेब आपल्याकडे बघताहेत असे दिसले, की ती उठून दुसऱ्या खोलीत जाई.

गाडी बारा वर्षांची होती आणि तिची दरवर्षी वार्षिक तपासणी होत असे. म्हणजे एका सकाळी साहेब बॉनेट उघडत, आतल्या प्रत्येक वस्तूकडे पुरेसा वेळ गंभीरपणे पाहत आणि तिला लेबल लावत. (वस्तूचे नाव ठाऊक असणे बंधनकारक नव्हते. कार्यालयातही नसे.) यंदा बॉनेटखाली एकतीस लेबले लागली होती. इतके तपासलेले इंजिन त्या शहरात दुसरे नसावे.

आणि असे हे इंजिन बंद पडू लागले.

पळताना नव्हे. पळताना गाडी उत्तम होती. पण सिग्नलला थांबली, गिअर न्यूट्रलला आला, पाय अॅक्सिलरेटरवरून निघाला, की इंजिन आधी थोडे थरथरे, मग एक उसासा टाके आणि गप्प होई. धावताना ठणठणीत असलेल्या माणसाला खुर्चीत टेकल्याबरोबर घेरी यावी, तसला हा प्रकार. किल्ली फिरवली की पुन्हा सुरू. पुढच्या सिग्नलला पुन्हा उसासा.

सहा आठवड्यांत गाडी एकेचाळीस वेळा बंद पडल्याची नोंद आहे. त्यांपैकी एकोणतीस वेळा सिग्नलला, सात वेळा स्वतःच्या फाटकात वळताना, चार वेळा भाजीबाजारासमोर आणि एकदा बायकोच्या मैत्रिणीच्या घरापुढे, मैत्रीण गॅलरीत उभी असताना. (हा शेवटचा प्रसंग बायकोच्या आग्रहावरून वेगळा मोजला आहे.)

एकोणतिसांतला एक प्रसंग मोठ्या चौकातला. दिवा हिरवा झाला, गाडी निघाली, पुढे गर्दी म्हणून बरोब्बर चौकाच्या मधोमध थांबली आणि तिथे तिने उसासा टाकला. मागे ट्रक, उजवीकडे बस, डावीकडे आणखी एक ट्रक. साहेब किल्ली फिरवत राहिले. चौथ्या वेळी गाडी सुरू झाली तेव्हा बाजूची सीट रिकामी होती. बायको दार उघडून उतरली होती आणि फुटपाथवरून घराच्या दिशेने चालू लागली होती. सहा किलोमीटर ती पुढे चालत होती आणि साहेब गाडी हळूहळू चालवत मागून येत होते. त्या दिवसापासून ती गाडीत बसली नाही. बोलली काहीच नाही, हेच वाईट होते.

बोलली ती मुलगी. ती पलीकडच्या गल्लीत राहत असे आणि आईवडिलांच्या बाबतीत तिला तिच्या मते फार उशिरा तोंड उघडावे लागत असे.

"बाबा, मी हीच गाडी चार दिवस चालवली. एकदाही बंद नाही पडली."

"मग?"

"मग काय! गाडी तीच, पेट्रोल तेच. बदलला कोण? तुमचा पाय बसतोय का नीट? क्लच सोडताना गडबड होते का?"

"छत्तीस वर्षं चालवतोय मी गाडी."

"तेच म्हणतेय मी," मुलगी म्हणाली.

तिने पंधरा दिवसांची मुदत दिली. तोवर बिघाड सापडला तर उत्तम. नाही सापडला, तर तिच्या ओळखीचे एक गिऱ्हाईक रविवारी सकाळी गाडी बघायला येईल, आणि ती देऊन टाकायची. नवी घ्यायची नाही. कुठे जायचे असेल तर मी सोडेन, असे ती म्हणाली. 'मी सोडेन' हे दोन शब्द साहेबांनी मनात दोनदा तपासून पाहिले. मुलीला आपण शाळेत सोडत होतो, त्याला फार दिवस झाले असे त्यांना वाटत नव्हते.

अशा परिस्थितीत सामान्य माणूस गॅरेजमध्ये गेला असता. साहेबांनी समिती नेमली.

समितीत तीन जण होते. अध्यक्ष स्वतः साहेब. सदस्य म्हणून बायकोचा भाऊ, ज्याला वाहनांचा तीस वर्षांचा अनुभव होता. (सर्व अनुभव ड्रायव्हरशेजारच्या सीटवरचा.) आणि तज्ज्ञ म्हणून शेजारचे निवृत्त भूगोलाचे मास्तर, कारण त्यांच्याकडे टॉर्च होती. पहिल्या बैठकीत तपासणीची नियमावली मंजूर झाली. तिच्यात अकरा नियम होते. त्यांपैकी तिसरा अध्यक्षांच्या खास आग्रहामुळे आला होता. तो असा: 'हाताला भाजण्याचा धोका लक्षात घेता, इंजिन पूर्ण थंड झाल्याखेरीज कोणतीही तपासणी सुरू करू नये.' यात खोट काढायला जागा नव्हती. सुरक्षिततेच्या नियमात खोट काढणारा माणूस चांगला नसतो.

बिघाडाने मात्र नियमावली वाचलेली नव्हती. गाडी घरून निघाल्यावर पहिली वीस मिनिटे कधीच बंद पडत नसे; जे काही व्हायचे ते इंजिन तापल्यावर. हे साहेबांच्या नोंदवहीत स्पष्ट लिहिलेले होते. तेव्हा समिती रोज सकाळी जमे, थंड इंजिनाचे बॉनेट उघडे, गाडी सुरू करी, दहा मिनिटे तिच्याकडे टक लावून पाही आणि 'बिघाड आढळला नाही' असे लिहून चहा पिई. अकरा दिवसांत अकरा चहा झाले. मास्तरांनी टॉर्चचे सेल दोनदा बदलले.

या काळात बाहेरूनही मदत मिळाली. एकूण तेवीस लोकांनी तेवीस निदाने केली. त्यांच्यापैकी गाडी असलेले नऊ होते. दूधवाला म्हणाला, पेट्रोलात पाणी. पेट्रोल पंपावरचा म्हणाला, पेट्रोल उत्तम आहे, बॅटरी बघा. बॅटरीवाला म्हणाला, बॅटरी उत्तम आहे, पेट्रोल बघा. दाढदुखीसाठी गेले असता दाताच्या डॉक्टरांनी, साहेबांचे तोंड उघडेच असताना, प्लग बदलायला सांगितले. नकार देणे शक्य नव्हते. मग प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, पेट्रोलचा फिल्टर बदलला, बॅटरीची टोके घासली, आणि बदललेल्या प्रत्येक वस्तूला नवे लेबल लावले. साहेबांनी फोनवर एक व्हिडिओही पाहिला. त्यातल्या गाडीचे स्टिअरिंग उलट्या बाजूला होते, म्हणून त्यांनी फोन आरशासमोर धरून तो पुन्हा पाहिला.

गॅरेजच्या मिस्त्रीकडेही ते दोनदा जाऊन आले, हे नमूद करणे न्यायाचे होईल. दोन्ही वेळा तिसऱ्या नियमानुसार त्यांनी इंजिन थंड होईपर्यंत बॉनेटला हात लावू दिला नाही. मिस्त्रीची ना नव्हती. त्याला दुसरी कामे होती. दीड तासाने त्याने बॉनेट उघडले, चष्मा सारखा केला आणि ती लेबले वाचून तो जरा दबला.

"हे सगळं तुम्ही आधीच बघितलंय वाटतं."

"एकूण एक," साहेब म्हणाले.

मग लेबल लागलेल्या कशालाही मिस्त्रीने हात लावला नाही. झालेल्या कामात नाक खुपसणे बरे नव्हे. लेबल नसलेल्या अशा तिथे तीनच वस्तू होत्या. त्या ठीक निघाल्या. थंड गाडी सुरू केली, ती मांजरासारखी गुरगुरत राहिली. मिस्त्री म्हणाला, "गाडीला काही झालेलं नाही." आणि असे म्हणताना त्याने साहेबांच्या पायांकडे पाहिले. निदान साहेबांना तरी तसे वाटले.

बाराव्या दिवशी मुलीने तुलनात्मक चाचणी घेतली. तोच रस्ता, तेच सोळा सिग्नल, आधी ती, मग साहेब. मुलगी: सोळापैकी शून्य. साहेब: सोळापैकी पाच. मेहुणा मागच्या सीटवर निरीक्षक म्हणून बसला होता. त्याच संध्याकाळी त्याने समितीला आपले वेगळे मत लेखी कळवले: 'दोष चालकात असण्याची शक्यता नाकारता येत नाही.' भाषा निर्दोष होती. ती साहेबांनीच त्याला शिकवली होती.

इथे थोडे थांबून सांगायला हवे, की साहेब घाबरले होते. गाडी जाईल म्हणून नव्हे. ती लोखंडाची होती. पण आपला पाय आपल्याला न विचारता काहीतरी करतो आहे आणि ते सगळ्यांना दिसते आहे, फक्त आपल्याला कळत नाही, ही शंका त्यांना आतून पोखरत होती. दुसऱ्यांची चौकशी करताना त्यांनी अशी पुष्कळ माणसे पाहिली होती. 'माझ्याकडून कसं झालं कळत नाही, साहेब,' असे ती म्हणत, आणि त्यावर ते 'खुलासा समाधानकारक नाही' असा शेरा मारीत. आता ते जेवणाच्या टेबलाखाली डावा पाय दाबून सोडत, दाबून सोडत बसू लागले. बायकोने ते पाहिले. तिने आपली खुर्ची जराशी बाजूला घेतली, म्हणजे त्यांच्या क्लचला जागा व्हावी.

शनिवारी दुपारी ते मिस्त्रीकडे तिसऱ्यांदा गेले. दुरुस्तीची आशा त्यांनी सोडली होती. त्यांना आता फक्त एक दाखला हवा होता, की गाडी बिघडलेली आहे. आपली गाडी बिघडली असल्याचे प्रमाणपत्र मागायला आलेला हा त्या गॅरेजच्या इतिहासातला पहिला माणूस असावा.

मिस्त्री हात धुऊन डबा उघडायच्या बेतात होता.

"सोमवारी या."

"उद्या गिऱ्हाईक येतंय."

"मग चालूच ठेवा. आत्ता बघतो."

"इंजिन गरम आहे," साहेब म्हणाले.

"मग बरंच आहे की!" मिस्त्री म्हणाला आणि त्याने बॉनेट उघडले. पंधरवड्यात तिसरा नियम पहिल्यांदाच मोडला जात होता आणि त्यांच्या अंगात विरोध करण्याचे त्राण नव्हते.

इंजिन थरथरू लागले. मिस्त्रीने मान तिरकी करून कान पुढे नेला. मग त्याने पाठीमागच्या बाजूला, करंगळीएवढ्या एका काळ्या रबरी नळीच्या टोकावर अंगठा दाबून धरला. थरथर थांबली. अंगठा काढला, थरथर सुरू. दाबला, बंद. त्याने हे चार वेळा केले. पहिल्या खेपेलाच कळले होते, उरलेल्या तीन खेपा साहेबांसाठी होत्या.

"हवा खेचतेय इथून. गाडी पळत असली की एवढ्याशा हवेनं काही होत नाही. उभी असली की मात्र इंजिनला मोजूनमापून हवा लागते. ही बाजूनं चोरून आत येते, मग त्याचा हिशेब चुकतो आणि ते बसतं." त्याने नळीवर बोट फिरवले. "वरून काहीतरी चिकटवलंय. थंड असताना हा डिंक घट्ट बसतो, चीर बुजते. तापला की सैल पडतो. काय आहे हो हे? माझ्या चष्म्याची काडी तुटलीय, दिसत नाही. काहीतरी लिहिलंय ना यावर?"

साहेब वाकले. अक्षर ओळखीचे होते.

"लिहिलंय," ते म्हणाले.

"काय?"

"तपासले. ठीक."

"कुणी?"

इंजिनाने एक उसासा टाकला आणि ते बंद पडले. साहेबांना तो दिवस लख्ख आठवला. नळी बारीक, लेबल चपटे. नीट गुंडाळता यावे म्हणून त्यांनी ती टोकाकडून ओढून काढली होती, लेबल लावले होते आणि परत दाबून बसवताना थोडा जोर केला होता. खाली तारीख होती. गाडी पहिल्यांदा बंद पडली ती त्यानंतर चौथ्या दिवशी.

मिस्त्री समजूतदार निघाला. त्याने नळी बदलली, जुनी साहेबांच्या हातात दिली आणि डब्याकडे जाता जाता म्हणाला, "घरी सांगा, नळी जुनी झाली होती म्हणून. बारा वर्षांत होतेच जुनी. खोटंही नाही." मुलगी सिग्नलला पाय अॅक्सिलरेटरवर किंचित टेकवून ठेवत असणार, म्हणून तिच्या हातात गाडी बंद पडली नाही, हेही त्यानेच सांगितले. "ती सवय वाईटच," असेही म्हणाला.

परतीच्या वाटेवर सात सिग्नल लागले. गाडी सातही ठिकाणी शांतपणे गुरगुरत उभी राहिली. पहिल्या चार सिग्नलांपर्यंत साहेबांना इतका आनंद झाला होता, की ते आपल्या डाव्या मांडीवर थोपटत होते. पाचव्यापासून त्यांना पुढचे दिसू लागले. पाय सुटला होता; सही अडकली होती. नळी जुनी झाली म्हणावे, तर सगळेच सुटत होते. चौतीस वर्षांत किती लोकांनी असल्या नळ्या त्यांच्या टेबलावर आणल्या होत्या, आणि त्या त्यांनी एका नजरेत ओळखल्या होत्या.

घरी येऊन त्यांनी समितीचा अंतिम अहवाल लिहिला. एका पानाचा, त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत छोटा.

'चालक: निर्दोष. वाहन: निर्दोष. नळी: निर्दोष (तिच्यावर बळजबरी झाली). तपासनीस: दोषी. प्रस्तुत तपासनिसाने एकतीस वस्तू तपासल्याचे प्रमाणित केले असून त्यांपैकी सत्तावीस वस्तू काय कामाच्या आहेत हे त्यास आजही ठाऊक नाही. गाडीत बिघाड नव्हता. तो तपासणीच्या वेळी बसवण्यात आला. नंतर समितीने तो फक्त अशाच वेळी शोधला, जेव्हा तो सापडणे शक्य नव्हते. चालक व तपासनीस ही एकच व्यक्ती असल्याने, चालकाने तपासनिसाकडून माफी कशी मागून घ्यावी, याबाबत मार्गदर्शन व्हावे.'

खाली सही केली. तारीख घातली. सोबत पुरावा म्हणून नळी जोडली.

मुलीने अहवाल दोनदा वाचला. पहिल्यांदा ती हसली, दुसऱ्यांदा नाही.

"बाबा, मी पंधरा दिवस तुमच्या पायाला नावं ठेवली."

"ठेवायलाच हवी होती. पुरावा तसाच होता."

"मी सॉरी म्हणतेय, बाबा."

साहेबांनी सवयीने खिशातले पेन काढले, मग यावर काय शेरा मारायचा ते न सुचून परत खिशात ठेवले. तिने फोन करून गिऱ्हाईकाला नको म्हणून कळवले. मेहुण्याने, नळी असणार असे आपण पहिल्या बैठकीतच म्हणालो होतो व ते इतिवृत्तातून मुद्दाम वगळण्यात आले, असा आरोप करून समितीचा राजीनामा दिला. बायकोने अहवाल वाचला नाही. तिने नळी हातात घेऊन लेबल बघितले आणि म्हणाली, "उद्या मला बहिणीकडे जायचंय. पुढे बसेन मी. पण यापुढे बॉनेट उघडायचं नाही."

"वार्षिक तपासणी?"

"मिस्त्री करेल."

"आणि त्याचं काम बरोबर आहे की नाही, ते कोण—"

"अहो," बायको म्हणाली.

रविवारी सकाळी दोघे निघाली. पंचविसाव्या मिनिटाला मोठा चौक आला, ज्याच्या मधोमध ती उतरून गेली होती. दिवा लाल होता. गाडी थांबली, गिअर न्यूट्रलला आला, पाय निघाला. बायकोने दाराच्या हँडलवर हात ठेवला. मुद्दाम नव्हे, तो आपोआप गेला. इंजिन चालू होते. वीस सेकंद गेले, तीस गेले, चालूच होते.

"ऐकतेस?" साहेब हळूच म्हणाले.

"काय?"

"काही होत नाहीये."

बायकोनेही कान देऊन ऐकले. खरोखरच काही होत नव्हते. तिने हँडलवरचा हात काढून मांडीवर ठेवला. दीड महिन्याने ती दोघे एकाच गोष्टीकडे एकदम लक्ष देऊन बसली होती, आणि साहेबांना इतके बरे वाटत होते, की दिवा हिरवा झाल्याचे दोघांपैकी एकाच्याही ध्यानात आले नाही.

मागून हॉर्न वाजला. तो, वाचकमहाशय, आपण वाजवला होता. लगोलग काच खाली करून, मान बाहेर काढून आपण जे मोठ्याने म्हणालात तेही नोंदले आहे: "बंद पडली वाटतं! पाय चालत नाहीत, तर या वयात कशाला चालवतात हे लोक!" इंजिन चालू होते, पाय शाबूत होता, वयाचा संबंध नव्हता. म्हणजे आपली तिन्ही निदाने चुकली, आणि एकूण वेळ लागला चार सेकंद. याच निष्कर्षाला यायला समितीला बारा दिवस लागले होते. समितीवर सध्या एक जागा रिकामी असून तिच्यावर आपली एकमताने नेमणूक करण्यात आली आहे. पात्रतेचा वेगळा पुरावा जोडण्याची आवश्यकता नाही.